अर्ध्यावरचा काटा

आचऱ्याच्या किनाऱ्यावरची ती तक्रार आठवली की अजून हसू येतं, आणि थोडी धडकीही भरते.

मी विदर्भातला. दहावीला शाळा सुटली, पोलिसात लागलो आणि इतक्या लांब समुद्राकाठी येऊन पडलो. इथल्या माणसांनी मला आपलं म्हटलं, ते ऋण मोठं आहे. पण गणितात कच्चा, हिशेबाची केस आली की घाबरायचो.

तक्रार रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावर ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, तांडेलाची म्हणजे म्होरक्याची होती. किनाऱ्यावर मोजलेले मासे टेम्पोने व्यापाऱ्याकडे जात, तिथे दर खेपेला चार-पाच किलो कमी भरत. टेम्पोवाला पन्नाशीचा ख्रिस्ती गृहस्थ. चोरी ठरली असती तर काम जाणारच होतं, वर जन्मभर गावात चोर म्हणून राहावं लागलं असतं.

त्यातच ठाण्यात निनावी फोन आला : "टेम्पो मसुऱ्याच्या वळणार थांबता. थंय मासे उतरतत." स्टेशन डायरीला नोंद करून मी साध्या कपड्यात मागे गेलो. टेम्पो खरंच थांबला. हा उतरला, रस्त्याकडेच्या क्रुसापुढे मेणबत्ती लावली, हात जोडले आणि निघाला. माशाला हातही लावला नाही.

तरी जबाबासाठी बोलावलाच.

"काका, खरं सांगा."

"साहेब, मी एक बांगडो सुद्धा चोरूक नाय," एवढं बोलून तो रडायलाच लागला. मी चहा मागवला. चोर सहसा चहा पटकन पितो; याचा पेला तसाच गार झाला.

मग दुसऱ्या दिवशी सकाळी मी किनाऱ्यावरच जाऊन उभा राहिलो. बायका टोपल्या भरत होत्या, तांडेल काट्यावरचा आकडा पुकारत होता. एक बाई दुसरीला म्हणाली,

"टाक गो आजून एक, काटो अर्ध्यार इलो!"

बांगडा पडला, काटा साडेवीसच्या केसभर पुढे सरकला. "एकवीस!" तांडेल ओरडला.

"साडेवीसच आहेत ना?" मी विचारलं.

"अर्ध्याच्या वर गेलं की पुढचा आकडा, खाली असलं की मागचा. शाळेतला नियम, साहेब."

"मग खाली कधी असतो?"

मागून एक म्हातारी म्हणाली, "खाली कोण ठेवता रे? अर्धो होयसर टाकतंवच आम्ही!"

मी मनात हिशेब मांडला, भीतीने पुन्हा बोटांवर मोजला. टोपलीमागे अर्धा किलो नुसता पुकारलेला, दहा टोपल्यांत पाच किलो. व्यापारी सगळा माल एकदम तोलायचा, त्याच्याकडे हे पाच किलो येणार कुठून?

सगळ्यांना टेम्पोमागून व्यापाऱ्याच्या काट्यावर नेलं. पुकारलेले दोनशे दहा. भरले दोनशे पाच, वर थोडे ग्रॅम. असा हशा पिकला की व्यापारी बाहेर धावत आला.

"उद्यापासून टोपलीचं वजन ग्रॅमसकट लिहा," मी म्हणालो. "पूर्ण आकडा करायचा तो शेवटी, बेरजेचा. एकदाच."

तांडेलाने टेम्पोवाल्याचा हात धरला. "चुकलंय रे मी."

"चुकलंस तर चुकलंस," तो डोळे पुसत म्हणाला, "पण त्या पाच किलोंचो वास माझ्या गाडीक कसो येय नाय, ह्या तरी इचारायचं होतंस!" पुन्हा हशा.

त्या केसमध्ये गुन्हेगार नव्हता. प्रत्येकाने आनंदाने एक बांगडा जास्त टाकला होता आणि सगळ्यांचा तो अर्धा-अर्धा किलो एका माणसाच्या अंगावर आला होता. पुढे नोकरीत दहा जण एकाच माणसाकडे बोट दाखवू लागले, की मी आधी त्या दहा जणांच्या शेजारी उभा राहून त्यांचं माप बघायचो.