कोळशाच्या वाफ्यातलं पाणी

एकाच शेतावर माणसं वर्षानुवर्षं एकमेकांच्या खोड्या काढत राहिली की किस्से साठतातच. सांगायला बसलं की एकाला धरून दुसरा येतो आणि चहा गार होतो. आमचं शेत तरी कसलं! पुण्यात चारी बाजूंनी सोसायट्या आणि मधे संशोधनाचे भाताचे वाफे. मी तिथला मुकादम, दत्तू. शिक्षण सातवीपर्यंत, खोड्या पीएचडीपर्यंत!

*

इथं संशोधन करणाऱ्या नसरीन मॅडम भवानी पेठेतल्या. वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, लेक गुडघाभर चिखलात. प्रयोग असा: भाताचं तूस झाकणाच्या ड्रममध्ये कोंडून जाळायचं. राख न होता कोळसा झाला की तो काही वाफ्यांच्या मातीत मिसळायचा. मग सगळीकडे तणनाशक मारायचं आणि औषध कुठं जातं ते बघायचं.

पहिल्याच दिवशी धूर सोसायटीत शिरला. एक आजोबा कुंपणाशी आले.

"अहो, आपण काय जाळताय?"

"भाताचं तूस, काका. संशोधन आहे," मॅडम म्हणाल्या.

"असं होय. आमच्या सूनबाई भात करपवतात, पण त्यांनी कधी संशोधन म्हटलं नाही."

*

एकदा शहरातले पाहुणे आले. काळी माती बघून विचारलं, "हे काय?"

मी गंभीर चेहरा करून म्हटलं, "काळा तांदूळ काढायचाय. मुळातून रंग चढतो."

सगळ्यांनी फोटो काढले. दोघांनी बियाणं मागितलं! मॅडम लांबून ओरडल्या, "दत्तूकाका, पुरे!"

*

तणनाशक मारल्यावर मात्र चेष्टा संपली. साधे वाफे चकाचक, आणि कोळशाच्या वाफ्यांत गवत तरारलेलं. आमचे साहेब, म्हणजे शेताचे प्रमुख, बांधावर आले.

"मॅडम, आपण भात लावलाय की कुरण?"

"सर, कोळसा औषध धरून ठेवतो. म्हणून तण वाचतं. पण त्यामुळेच पाण्याबरोबर औषध कमी वाहून जातं."

"म्हणजे औषध विकत आणायचं आणि कोळशाला पाजायचं?"

बोलणं खोटं नव्हतं, तेच मॅडमना बोचलं. पुढच्या आठवड्यात प्रयोग तपासायला समिती येणार होती. साहेब जाता जाता म्हणाले, "प्रयोग बंद करा असंच मी सुचवणार आहे."

मॅडमनी त्या दिवशी डबा उघडला नाही. मलाही खोडी सुचेना.

*

समितीच्या आदल्या दिवशी सकाळी बघतो तर काय, कोळशाच्या वाफ्यांत गवताची काडी नाही! खुरपणीवाली सखूबाई आणि तिच्या बायांनी पहाटेच येऊन सगळं खुरपून टाकलेलं.

"बाई, तुमची लाज राखली बगा," सखूबाई खुशीत. "आता कोण काय बोलतंय!"

मॅडम मटकन बांधावर बसल्या. "अहो मावशी, ते तणच तर मला मोजायचं होतं!"

सखूबाईचा चेहरा पडला. मग ती म्हणाली, "आवो, पर ढीग हायेत की!"

आमच्या शेताची रीत. ज्या वाफ्याचं तण, त्याच वाफ्याच्या कोपऱ्यावर ढीग घालायचा. ढीग बघितल्याशिवाय मी हजेरी लावत नाही, इतका मी खडूस! मॅडम उठल्या, ढिगामागून ढीग वाळवून वजन करायला लागल्या. रडत होत्या की हसत होत्या, चिखलामुळे कळलं नाही.

*

समिती आली. अध्यक्ष कमी बोलणारे गृहस्थ. मॅडमनी काही लपवलं नाही. तण वाढतं हे आधी सांगितलं, पाण्याचं नंतर. साहेब म्हणाले, "शेतकऱ्याला तण दिसतं. पाण्यातलं औषध कुणाला दिसतं?"

ऊन फार होतं. अध्यक्षांनी पाणी मागितलं.

मी ट्रे घेऊन गेलो. दोन ग्लास, दोन्हीत पाणी निवळशंख.

"अध्यक्षसाहेब, हे साध्या वाफ्यातून वाहून आलेलं, आणि हे कोळशाच्या. दोन्ही गाळून आणलंय. कुठलं देऊ?"

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. माझी नोकरी गेली, असं मलाही वाटलं.

अध्यक्षांनी ग्लासांकडे पाहिलं, मग आमच्या साहेबांकडे. "आपण कुठला घ्याल?"

"छे, मला तहान नाही," साहेब म्हणाले.

पण हात आधीच कोळशाच्या ग्लासाला लागला होता!

अध्यक्षांनी हळूच तो ग्लास बाजूला सरकवला आणि मॅडमकडे वळले. "पुढच्या हंगामाला कोळसा पुरेल ना?"