नानांच्या गाडीची भारदस्त पावलं

इंदूकाकींचं नाव आधी लिहितो. त्या नसत्या, तर आज हे लिहायला मी रिहे गावात नसतो. पिशवी भरून परभणीकडच्या एसटीत बसलो असतो आणि जन्मभर एकच गोष्ट मनात घोळवत राहिलो असतो, की नाना माझ्यामुळे गेले. काकी म्हणजे नानांच्या पत्नी आणि नाना माझे घरमालक. त्यांना जाऊन आता काही आठवडे झाले.

बातमी आली तेव्हा मी घोटवडे फाट्याजवळच्या टायरच्या दुकानात होतो, तिथेच मी कामाला आहे. नानांच्या शेजारच्या बबनरावांचा फोन आला. ते एवढंच म्हणाले, "नाना गाडीत गेलं रं." मी विचारलं, "कुठं गेले?" ते म्हणाले, "गेलं म्हंजे गेलं. गाडी खिंडीच्या चढाला हुबी हाय." मी हातातला पाना खाली ठेवला. कारण त्या गाडीची चाकं मीच बसवली होती.

नववीत शाळा सोडून मी इकडे आलो. आमच्या घरी मला भित्रा म्हणतात आणि ते खोटं नाही. दाराला कुलूप लावून परत दोनदा ओढून बघणारा मी. नानांच्या अंगणातली खोली भाड्याने घेतली त्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, "काय करतोस?" म्हटलं, टायरचं काम. तर म्हणाले, "मग ऱ्हा की. आमच्या हितं रस्ता असा हाय की टायरवाला घरातच पायजे."

नानांची गाडी साधी, छोटी, पांढरी, जुनी. गावात ज्यांनी जमिनी विकल्या त्यांच्या दारात मोठाल्या जीपा उभ्या. नानांनी भाताची खाचरं विकली नाहीत, खोल्या बांधून भाड्याने दिल्या. एका लग्नात कार्यालयाच्या फाटकावरच्या माणसाने नानांना गाडी मागे, कचऱ्याच्या बाजूला लावायला सांगितली. ते मनाला लागलं असावं. दुसऱ्या दिवशी नाना गाडी घेऊन थेट दुकानात हजर. "मला मोटी गाडी नगं. हिचीच पावलं जरा भारदस्त कर. लवळ्याच्या कालेजातली पोरं लावत्यात तसली, रुंद."

मी घाबरून सगळं सांगून टाकलं. नाना, रुंद टायर आत घासतो. स्टेअरिंग जड होतं. ॲव्हरेज पडतं. नाना ऐकत राहिले आणि म्हणाले, "तू टायरवाला हायेस का डाक्टर? मी चाकं मागतोय, तू दुखनी सांगतोयास."

पहिली जोडी घालून बघितली ती खरंच घासली. स्टेअरिंग पूर्ण वळवलं, मागे दुकानातली माणसं दाबून बसवली, की आतून खर्र असा आवाज. मी म्हटलं, ही देणार नाही. थोडी कमी रुंद, मधलं भोक गाडीला नीट बसेल अशी अलॉयची चाकं शोधून आणली. नाना खाली वाकून बघत होते. "म्हंजे आता ही रुंद हायेत का न्हाईत?" म्हटलं, "रुंदच आहेत, पण घासत नाहीत." तर खूश होऊन म्हणाले, "मग माज्या सासऱ्यासारखी हायेत. अंगानं रुंद, पन कुनाशी घासाघीस न्हाई."

गावात चेष्टा झालीच. बबनराव पारावरून ओरडले, "नाना, शेळीला बैलाचं खूर लावलं काय?" नाना थांबले, काच खाली केली आणि म्हणाले, "तू मिशीला रंग लावतोस, तवा मी काय बोललो का?" पुढचे कित्येक दिवस पारावर तोच विषय.

नवीन चाकं बसवली की थोडी गाडी चालल्यावर नट परत आवळावे लागतात. ते मी अंगणातच केलं. एकदा केलं, परत केलं, मग येता-जाता करायला लागलो. नाना ओट्यावर चहा पीत म्हणायचे, "देवळात घंटा वाजवल्यावानी नट आवळतंय बगा पोरगं." काकी आतून म्हणायच्या, "आवळू द्या की. तुमचं कोन एवढं बगतंय?"

आणि तरीही, फोन आला तेव्हा मला पहिली आठवण आली ती मागच्या डाव्या चाकाची. त्याचा शेवटचा नट... आवळला होता का मी?

डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं होतं. पण स्मशानात मी मागे उभा होतो आणि पुढे माणसं हळू आवाजात बोलत होती. चाक हाललं असंल. गाडी वढली असंल. म्हातारा घाबरला आन् तितंच छातीत आलं. "बसवली कुनी ती चाकं?" कुणीतरी विचारलं, तर बबनराव म्हणाले, "त्याच्याच खोलीतल्या परगावच्या पोरानं." कुणी वळून बघितलं नाही, तरी माझी मान खाली गेली. गाडी अजून खिंडीतच होती. जाऊन बघायचं माझ्यात बळ नव्हतं. चाक सैल निघालं तर?... मी खोलीवर येऊन पिशवी भरायला घेतली. आईला फोनवर म्हटलं, येतो. ती म्हणाली, "ये, पन काय झालं ते सांग." आल्यावर सांगतो म्हणून मी फोन ठेवला.

सावडणं झालं त्याच सकाळी दारात काकी. सुतक चालू, घरात पाहुणे बसलेले. अशा वेळी इकडे बाई उंबऱ्याबाहेर पडत नाही. त्यांनी माझ्या पिशवीकडे बघितलं. "तुजा त्यो पाना घे आन् चल," म्हणाल्या. मी म्हटलं, "काकी, तुम्ही कशाला... लोक काय म्हणतील?" "लोक बोलत्यात ते ऐकूनच निगालेय."

गुडघा दुखतो म्हणून त्या थांबत थांबत चढत होत्या. पारावरून बबनराव उठून मागे आले, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. खिंडीत गाडी रस्त्याच्या कडेला, अगदी नीट, ओळीत लावलेली. काकी सरळ मागच्या चाकापाशी गेल्या. चाकामागे दगड होता.

आमच्या चढावर हँडब्रेकवर कुणी विश्वास ठेवत नाही, गाडी थांबली की चाकामागे दगड. नाना तर डिकीत स्वतःचा दगड बाळगायचे. पण काकी दगडाकडे नाही, त्याच्या नि टायरच्या मधे बोट दाखवत होत्या. तिथे गोणपाटाची घडी होती. नवीन टायरला दगडाचा ओरखडा उठू नये म्हणून नाना दगड लावताना मधे गोणपाट सरकवायचे, हे घरात काकींनाच माहीत होतं.

"बग," काकी म्हणाल्या. "जिवाला बरं वाटंना म्हनून थांबले. खाली उतरले. दगड लावला. घडी बी घातली. मंग आत जाऊन बसले. चाक निसटलेल्या गाडीतला मानूस गोनपाटाची घडी घालंल का रं?" आणि एकदम हसल्या, रडता रडता. "मरताना बी टायरची काळजी. बायकूला आवाज न्हाई दिला, टायरला घडी घातली!"

मग म्हणाल्या, "आता आवळ. माज्या म्होरं आवळ." मी एकेका नटाला पाना लावला, सगळा जोर दिला. चारही चाकं फिरलो. मागच्या डाव्याला सगळ्यात शेवटी गेलो. एकही नट तसूभर हलला नाही. मी तिथेच रस्त्यावर बसलो. नाना गेले याचं रडू मला तेव्हा पहिल्यांदा आलं. तोवर भीतीपुढे दुःखाला जागाच नव्हती.

काकी बबनरावांकडे वळल्या. "बगितलंस नव्हं भावजी? आता पारावर हे बी सांग." बबनराव म्हणाले, "सांगतो वैनी," आणि गाडी खाली आणताना दगड त्यांनीच उचलून डिकीत ठेवला, गोणपाटासकट.

पाहुण्यांपैकी कुणी म्हणालं गाडी विका, कुणी म्हणालं निदान जुनी चाकं तरी लावा. काकी दोन्हीला नाही म्हणाल्या. गाडी अंगणात असते. उभ्या गाडीचा टायर एकाच जागी दबतो, म्हणून सुट्टीच्या दिवशी मी ती कधी हातभर पुढे घेतो, कधी हातभर मागे घेतो, हवा बघतो. दुपारी काकी नानांच्या सीटवर, दार उघडं ठेवून, लसूण सोलत बसतात. परवा म्हणाल्या, "हितं बसलं की त्यांचा तंबाकूचा वास येतो. घरात न्हाई येत."

सुतकात बाई रस्त्यावर गेली, तीही भाडेकरू पोराबरोबर, याबद्दल नात्यातल्या बायका अजून बोलतात. मला ऐकू येतं, काकींनाही येत असणार. त्यांनी ते माझ्यासाठी अंगावर घेतलं, ज्याचं इथे कुणी नाही त्याच्यासाठी. काकी, हे फेडायचं कसं मला अजून कळलेलं नाही. पण कधीतरी तुमच्यावर कुणी खोटं बोट दाखवेल, तेव्हा माझी मान खाली जाणार नाही. मी कितीही भित्रा असलो तरी त्या दिवशी तुमच्या शेजारी उभा राहीन आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलेन.