बाबांचे वडे आणि पेशीचा ब्रेक

ऐंशीच्या दशकात मी इंग्लंडात कर्करोग रोखणाऱ्या जीन्सचा अभ्यास करत होते. गणपतीला मॉरिशसमधल्या आमच्या प्लेन दे पपाय गावी घरी आले की बाबा विचारायचे, "नेमकं काय शिकतेस?" मी सांगून सांगून थकले: पेशीला ब्रेक लावणाऱ्या जीनच्या दोन प्रती असतात. एक बिघडली तरी दुसरी सांभाळते; दोन्ही गेल्या की पेशी वाढतच सुटतात. बाबा जांभई द्यायचे.

एका वर्षी ऐन गणपतीत मावशी बाळंत झाली, म्हणून आई बेटाच्या दक्षिण टोकाला, तिच्या सुरिनाम गावी गेली. काकीनं एकटीनं घर सांभाळलं. मग काकीही देवळात मोदक वळायला गेली, आणि बाबांनी आरतीच्या पाहुण्यांसाठी गातो-पिमां, म्हणजे डाळीचे तिखट वडे, तळायला घेतले. काका डाळ वाटतच राहिले. ताटं भरली, परात भरली, कपड्यांची बादलीसुद्धा भरली. "पुरे!" मी ओरडले. माझं कोण ऐकतंय!

तेवढ्यात काकी आली आणि कमरेवर हात ठेवून दारात नुसती उभी राहिली. झारा कढईतच थांबला.

"कळलं?" मी चिडून म्हणाले. "हाच तो ब्रेक! गेलेला ब्रेक पेशीत परत कसा आणायचा, तेच शोधतोय आम्ही."

"त्यात शोधायचं काय?" बाबा म्हणाले. "देवळात निरोप धाडायचा. मघाशी मीच धाडला. मला काय थांबता येत होतं?"