दादांची गाडी आणि वहिनींचा गुडघा

माझ्या बायकोच्या थोरल्या भावाने आयुष्यात एकही वस्तू दुकानातून जशी आली तशी वापरलेली नाही. नवी छत्री घरी आली की तिची मूठ बदलायची, नव्या कुकरची शिट्टी बदलायची, नवी चप्पल पायात घालण्याआधी तिला जास्तीची शिवण मारून घ्यायची. स्वतःच्या लग्नात, अंतरपाट धरायच्या आधी, त्यांनी मुंडावळ्यांचा दोरा काढून त्यात इलॅस्टिक ओवलं होतं. मुंडावळ्या सुटल्या नाहीत हे खरं, पण इलॅस्टिक इतकं घट्ट बसलं की नवरदेवाच्या कपाळावर शेवटच्या पंगतीपर्यंत आठ्या होत्या. मुलीकडच्यांना वाटलं, मानपानात काहीतरी राहिलं. वहिनींचे वडील दोनदा येऊन हात जोडून गेले. आजही तो विषय निघाला की दादा एवढंच म्हणतात, "पण सुटल्या का? नाही ना?"

बायको त्यांना दादा म्हणते म्हणून मीही दादाच म्हणतो. ते मला भावोजी म्हणतात. परळची खोली विकून त्यांनी फार पूर्वी भाईंदर पश्चिमेला, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. विमा कचेरीत नोकरी केली, पोरीचं शिक्षण आणि लग्न केलं आणि रीतसर निवृत्त झाले. निरोपाच्या वेळी कचेरीतल्या लोकांनी विचारलं, साहेब, काय देऊ? माणसं अशा वेळी घड्याळ मागतात, चांदीचा गणपती मागतात. दादांनी रिमोटवर चालणारा ट्रक मागितला. खेळण्याच्या दुकानातला नव्हे; हातभर लांब, जाड नक्षीच्या टायरांचा, खऱ्या ट्रकसारखा प्रत्येक स्क्रू सुटा होणारा. आता यात बिघडलं काही नाही. बिघडलं ते असं की समारंभ संपवून घरी आल्यावर त्यांनी खोका उघडला आणि एकदाही गाडी न चालवता आधी तिची मोटर काढली.

"भावोजी, कंपनी जे देते ना, ते नुसती सुरुवात म्हणून देते," त्यांनी मला समजावलं.

तेव्हापासून ही सुरुवात चालू आहे. मोटर जोरकस घातली, तर तिच्या जोराने प्लास्टिकचे गिअर झिजले. म्हणून गिअर लोखंडी आणले. लोखंडी गिअरांनी पुढचा शाफ्ट पिळून टाकला, म्हणून शाफ्टही लोखंडी झाला. एवढं लोखंड पोटात गेल्यावर गाडी गरोदर बाईसारखी बसकी दिसायला लागली, म्हणून स्प्रिंगा बदलल्या. बरं, बदलणं हा भाग सोपा. अवघड असायचं ते निवडणं. स्प्रिंगांची निवड आषाढी एकादशीला सुरू झाली ती कार्तिकीला संपली. मुलगी बघायला जाताना करत नाहीत इतकी चौकशी ते एका वॉशरची करत. चष्मा कपाळावर चढवून व्हिडिओ पाहत, वहिनींच्या पिठाच्या काट्यावर नट-बोल्ट तोलत, आणि भर कामाच्या वेळी मला कचेरीत फोन करत.

"भावोजी, ॲल्युमिनिअम का पितळ?"

यातलं मला ओ की ठो कळत नाही. मी फोन आटपावा म्हणून म्हणायचो, "पितळ."

"का?" पलीकडून गंभीर आवाज यायचा.

केबिन रोडवरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे बारीक स्क्रू मिळतात, हा शोध त्यांनी लावल्यापासून तर त्या बिचाऱ्याचा धंदा बसायची वेळ आली. तो एकदा माझ्यासमोरच वैतागून म्हणाला, "अंकल, इतने नखरे तो मेरी बाइक भी नहीं करती." दादा शांतपणे म्हणाले, "नखरा नहीं है रे, बॅलन्स है." काशीगावच्या मागे टेकडीच्या उतारावर रविवारी सकाळी अशा गाड्या उडवणाऱ्या हौशी मंडळींचा अड्डा जमतो. दादा तिथे नेमाने जात, पण गाडी खोक्यात घालून. कुणी म्हटलं, काका, काढा की बाहेर, तर म्हणत, "अजून तयार नाही." वर्षानुवर्षं साखरपुड्यावरच अडलेल्या लग्नासारखी त्या ट्रकची गत झाली होती.

या सगळ्याला साक्षी होत्या वहिनी. वहिनी म्हणजे बाजारहाटाची बाई. भाजीच्या जुडीतली एक काडी जरी पिवळी असली तरी विकणारीला ती दाखवून द्यायच्या आणि मग तीच जुडी घ्यायच्या. पण गेल्या दोनेक वर्षांत उजव्या गुडघ्याने त्यांना पार घरात बसवलं. जिना उतरणं म्हणजे शिक्षा झाली. मग दादांनी गॅलरीतून खाली सोडायला दोरीची टोपली केली (तिचा दांडाही अर्थातच दोनदा बदलला), आणि वहिनींचा बाजार त्या टोपलीतून सुरू झाला. उत्तनहून येणारी मासेवाली खालून ओरडायची, "वैनी, खाली ये ना गं! बोंबील बग कसा ताजा हाय!" वहिनी वरून म्हणायच्या, "टाक टोपलीत, तुझ्यावर विश्वास आहे." ज्या बाईने जन्मात कुठल्या मासेवालीवर विश्वास ठेवला नाही, तिच्या तोंडून हे वाक्य ऐकून मला बरं वाटायचं नाही.

डॉक्टर म्हणाले, गुडघा बदलून घ्या, पहिल्यासारख्या चालाल. मुलगी म्हणाली, आई, कर. माझी बायको म्हणाली, वहिनी, कर. वहिनी ठाम नाही म्हणाल्या. भीती कसली विचारलं, तर त्यांनी शोकेसकडे बोट दाखवलं. तिथे ट्रक चारही चाकं काढून पालथा पडला होता.

"मी रोज बघतेय ना हे," वहिनी म्हणाल्या. "एक पार्ट बदलला की शेजारचा जातो. तो बदलला की त्याच्या पलीकडचा. आज गुडघा बदलाल, उद्या दुसरा गुडघा बोलायला लागेल, मग कंबर. मी काय तुमची गाडी आहे, अशी उघडून टेबलावर ठेवायला?"

दादांचा चेहरा मी त्या दिवशी पहिल्यांदा उतरलेला पाहिला. माणसाने हौसेने काहीतरी करावं आणि त्याच गोष्टीने घरच्या माणसाच्या मनात भीती भरावी, हे त्यांच्या गावीही नव्हतं. ते बराच वेळ स्क्रूड्रायव्हर पुसत बसले. मग वहिनींनाच दया आली असावी. म्हणाल्या, "असं करा. गाडी एकदा खाली नेऊन सोसायटीला एक फेरी मारून दाखवा. त्या राडारोड्यावरूनसुद्धा न्यायची. ती जर धडपणी आली, तर मग माझ्या गुडघ्याचं बघू."

इमारतीचं दुरुस्तीचं काम काढलं होतं, त्याच्या राडारोड्याचा ढीग पाण्याच्या टाकीजवळ पडला होता. रविवारी सकाळी सगळी सोसायटी गोळा झाली. वहिनी वर गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या. दादांनी धुतलेला शर्ट घातला होता आणि ट्रकला हळदकुंकू लावलं होतं. रिमोटची बॅटरी त्यांनी तीनदा काढून पुन्हा घातली. त्या फेरीवर काय टांगलेलं आहे हे खाली फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं.

गाडी सुटली ती बाणासारखी. गेट, पार्किंग, तुळशीचा कट्टा सगळं मागे पडलं. टाळ्या झाल्या. मग ती ढिगावर चढली आणि दोन विटांच्या मधे तिचं पुढचं चाक अडकलं. कुणीही शहाणा माणूस तिथे थांबला असता. दादांनी जोर दिला. मोटर हटेना, गिअर हटेनात, शाफ्ट हटेना. सगळे एकापेक्षा एक लोखंडी. कडाड् असा आवाज झाला आणि गाडीचा सांगाडाच उभा चिरला. इतक्या निगुतीने निवडलेला एकही पार्ट मोडला नव्हता. मोडली होती ती गाडी.

तळमजल्यावरचे गुजराती शेजारी तुकडे उचलून देताना खऱ्या काळजीने म्हणाले, "काका, सब तो लोखंड का डाला था, फिर टूटा कैसे?"

दादांनी वर पाहिलं. खुर्ची रिकामी होती. ते जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले आणि मला म्हणाले, "भावोजी, आता ती कधीच हो म्हणणार नाही." मी त्यांच्या शेजारी बसून राहिलो.

चार-पाच दिवसांनी त्यांचा फोन आला. मी पितळ म्हणायच्या तयारीत होतो. पण ते म्हणाले, "जरा येऊन जाता का? माळ्यावरचा डबा काढायचाय." श्रीखंडाच्या त्या डब्यात गाडीचे खोक्यातून आलेले मूळचे सगळे पार्ट होते. नवा सांगाडाही कंपनीचाच, होता तसाच मागवला होता. दादांनी आयुष्यात न निवडता मागवलेली ही पहिली वस्तू. ते जुनी मंद मोटर परत बसवत होते, प्लास्टिकचा शाफ्ट परत बसवत होते, आणि बोलत होते.

"त्या गुजरातीभाईंनी बरोबर विचारलं. सगळंच लोखंडी केलं तर ताण जाणार कुठे? एक पार्ट कच्चा ठेवावा लागतो, भावोजी. तो आधी मोडतो, म्हणून बाकीचे वाचतात." मग स्वयंपाकघराकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "आमच्या घरात इतकी वर्षं तो ताण हिनेच घेतला. मी आपला बाहेरून आलेल्या वस्तू सुधारत बसलो." दादांच्या तोंडून असं काही मी कधी ऐकलं नव्हतं. मला त्या क्षणी ते फार आवडले.

पुढच्या रविवारी त्यांनी माझ्याशिवाय कुणाला काही सांगितलं नाही. नेहमीसारखा चुरगळलेला शर्ट घालून ते गाडी घेऊन खाली उतरले. गाडी आता म्हातारा मॉर्निंग वॉकला निघावा तशी चालत होती. गेटपाशी कुत्रं तिच्या पुढे निघून गेलं. ढिगावर ती चढली, अडकली, आणि टक् असा बारीक आवाज झाला. वहिनी गॅलरीत केव्हा येऊन उभ्या राहिल्या होत्या ते आम्हाला कळलं नाही.

"मोडली ना?" वरून आवाज आला.

"मोडली!" दादा म्हणाले. त्यांनी खाली मांडी घातली, खिशातून बोटभर प्लास्टिकचा शाफ्ट काढला, जुना काढून नवा बसवला, गाडी पुन्हा विटेवर ठेवली. "बदलला!" ते ओरडले. "बाकी सगळं शाबूत आहे गं!" आणि गाडी डुगडुगत ढीग उतरली, वळली, आणि थेट दादांच्या जिन्यापाशी येऊन थांबली.

वहिनी गॅलरीतून आत गेल्या. मग गॅलरीतून टोपली खाली यायला लागली. आज मासेवाली आली नव्हती. टोपलीत गुडघ्याच्या एक्स-रेचं मोठं पाकीट होतं.

"घ्या," वहिनी वरून म्हणाल्या, "आणि डॉक्टरांना फोन करा. पण मोटर माझी जुनीच राहू द्या म्हणावं."

डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधी नमुन्याचा गुडघा टेबलावर ठेवला. वर धातू, खाली धातू. दादांनी तो उचलून बारकाईने फिरवून पाहिला आणि मधल्या पांढऱ्या चकतीवर बोट ठेवलं. "हे प्लास्टिक आहे?" डॉक्टर म्हणाले, हो, झीज तीच सोसते, आणि फार वर्षांनी गरज पडली तर तेवढीच बदलता येते. दादांनी इतका मोठा सुस्कारा सोडला की नर्सने वळून पाहिलं. "मग काही हरकत नाही," ते म्हणाले. "आम्हीही असंच करतो." तिथे मात्र त्यांनी निवडीचा एकही प्रश्न विचारला नाही.

आता संध्याकाळी वहिनी काठी घेऊन खाली फेऱ्या मारतात. सुरुवातीला ट्रक त्यांच्या पुढे चालायचा, त्यांच्याच गतीने, आणि वाटेत खडा असला तर दादा आधी ट्रक धडकवून तो बाजूला सारायचे. मासेवालीचं सुख संपलं. पिवळी काडी पुन्हा दिसायला लागली. परवा दादांचा कचेरीत फोन आला. आवाज जरा चोरटा होता.

"भावोजी, एक विचारायचं होतं. ही आता गाडीच्या पुढे जायला लागलीय. थोडी जोरकस मोटर बसवू का?"

"बसवा," मी म्हणालो, आणि 'का?' ऐकायची वाट पाहत राहिलो. पण त्यांनी फोन ठेवून दिला होता. संध्याकाळी मी मुद्दाम वाट वाकडी करून त्यांच्या सोसायटीत गेलो. वहिनी टाकीच्या कोपऱ्यावरून वळून दिसेनाशा झाल्या होत्या. ट्रक, जुन्याच मोटरचा, मागे राहिला होता, आणि दादा रिमोटवरचं बोट काढून, वहिनी पलीकडच्या कोपऱ्यातून पुन्हा कधी दिसतात याची वाट बघत उभे होते. त्यांच्या हाताला खूप दिवसांनी काही काम नव्हतं. मी हाक मारली तर म्हणाले, "थांबा भावोजी, ती येऊ दे आधी."