वेशीपर्यंतची हलगी

वेशीतून गात जाण्याचा हक्क आमच्या ख्रिस्ती मंडळीने कसा मिळवला, ही हकीकत दर सणाला मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. सांगताना एक माणूस नेमका गाळला जातो. त्याबद्दल मंडळीच्या पंचांना मी अनेकदा लेखी हरकत कळवली. उत्तर आलेले नाही, आणि ते देण्याची त्यांना लाज वाटत असेल तर माझी हरकत निम्मी तरी पोहोचली, असे मी समजेन.

निजामाच्या अमलात मिरवणुकीची नवी चाल पाडण्यास मनाई असे. वडवणीजवळच्या आमच्या गावात ख्रिस्ती झालेली घरे बहुतेक महारवाड्यातली, काही थोडी मांगवाड्यातली. मी मिशनच्या शाळेत मास्तर होतो. उर्दू येई, म्हणून कचेरीत दरख्वास्त मीच केली. गावाने हरकत घेतली की ही चाल नवी. मी उत्तर दिले, मुळीच नाही. मांगवाड्यातल्या आमच्या एका ख्रिस्ती भावाच्या घरची हलगी पिढ्यानपिढ्या याच वेशीतून लग्नाला, पोळ्याला जात आली आहे. आम्ही फक्त तिच्या मागे गात चालणार. तहसीलदारांनी त्याला समोर बोलावून विचारले. तो म्हणाला, "व्हय सरकार, माज्या आज्यापासून." परवाना मिळाला, आणि त्यात स्पष्ट लिहिले होते: त्या हलगीच्या मागे.

परतताना तो मला म्हणाला, "मास्तर, एक मागणं हाय. बाप्तिस्मा घेतला तवापासून हलगी प्रार्थनेच्या मंदिराबाहीर ठिवतो मी. त्या दिशी आत वाजवू द्या. एकच गाणं."

मी शब्द दिला. पंचांनीही होकाराच्या माना हलवल्या.

त्या सुमारास गेवराईकडून आलेल्या मिशनच्या साहेबांनी जादूच्या कंदिलातून पडद्यावर आफ्रिकेची चित्रे दाखवली होती. रबराच्या जंगलात माणसांना बळजबरीने जुंपतात, रबर कमी भरले की हात तोडतात. मंडळी हुंदके देऊन रडली होती. म्हणून ठरले, की मिरवणुकीनंतर उपासना व्हावी आणि त्या जुलमाचा निषेध करणारे पत्र सर्वांच्या सहीने जावे. मसुदा अर्थातच माझा.

मिरवणुकीच्या सकाळी रांगा लागल्या. हलगीवाल्याला बोलवायला कोणी गेलेच नव्हते. मी विचारले, तेव्हा थोरले पंच म्हणाले, "कावून? सायबानं पेटी आणलीया की. मांगाच्या मागं आपल्या बायका चालायच्या व्हय?"

मी म्हणालो, "परवान्यात हलगी आहे. तिच्याविना मिरवणूक बेकायदा ठरेल."

एवढेच म्हणालो. तो आपला भाऊ आहे, त्याला आपण शब्द दिला आहे, हे म्हणालो नाही. मी कागदाची बाजू मांडली.

"आमचे मास्तर म्हंजी चालती-बोलती कचेरी," पंच हसले. "चला, कोण बघतंय."

वेशीत जमादाराने काठी आडवी धरली. "कागद में हलगी लिखे सो है. हलगी कां है, मियाँ?"

मग थोरले पंच स्वतः मांगवाड्याकडे धावले. तो लगेच आला. धुतलेला पटका बांधलेला होता. हलगी काडाच्या जाळावर शेकून तिचे कातडे त्याने आधीच ताणून ठेवले होते. म्हणजे सकाळपासून तो तयार होऊन बसला होता. त्याने हलगीवर हात टाकला, आणि आम्ही सारे, साहेब, पेटी, पंच, त्यांच्या बायका, त्याच्या मागून वेशीत शिरलो. बाजाराला वळसा घालून गात बाहेर आलो. जमादाराने सलाम केला, तो साहेबांना.

मंदिराच्या दाराशी पंच त्याला म्हणाले, "डफडं बाहीर ठिव, मंग ये आत."

त्याने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "नंतर बघू." तो पायरीवर बसला.

आत आम्ही पेटीवर गायलो. दूरच्या बंदिवानांसाठी प्रार्थना केली. मी माझे पत्र वाचले. त्यात असे कलम होते, की कोणाही मनुष्याचे श्रम घेऊन त्याला माणसांतून वगळणे हा ईश्वरी व मानवी, दोन्ही कायद्यांचा भंग होय. ते वाक्य साहेबांना फार आवडले. सह्या झाल्या, अंगठे झाले. शेवटी कागद आणि शाई घेऊन मी पायरीवर गेलो.

"तितल्या लोकायला लई मारत्येत का, मास्तर?"

"हो."

"हात तोडत्येत म्हणं."

"हो."

त्याने अंगठा आधी धोतराला पुसला, मग उमटवला. कातड्याला डाग लागू नये म्हणून शाई मातीत घासून काढली, आणि हलगी उचलून तो घरी गेला. गाण्याबद्दल त्याने मला विचारले नाही.

परवाना पुढे चालू राहिला. दर सणाला तो वेशीत येई, आम्हांला आत नेई, बाहेर आणी. मंदिराचे वळण आले की हलगी थांबत असे आणि तो मांगवाड्याच्या वाटेला लागत असे. तिथून पुढे पेटी सुरू होई. आणि मी, खिशात परवाना ठेवून, तिच्या सुरात सूर मिळवून आत शिरत असे.