अर्धी बाटली ओल्यात

दिनांक १२ फेब्रुवारी. अनामत रक्कम रुपये १८,४००. पावती मी टेबलापलीकडे उभ्या असलेल्या बाईंच्या हातात दिली. त्यांनी ती चार घड्या घालून चष्म्याच्या डबीत ठेवली.

सगळे त्यांना मोडवाल्या वहिनी म्हणत. नवऱ्याचं भंगाराचं दुकान होतं. दम्यानं तो घरी बसला आणि तराजू वहिनींच्या हाती आला. प्लास्टिकचा तुकडा कानाशी नेऊन त्या चुरगळायच्या आणि नुसत्या आवाजावरून प्रकार सांगायच्या. मी क्रीडासंकुलात हिशेबनीस. तीस वर्षांत पुष्कळ ठेकेदार पाहिले, पण मालाला कान लावणाऱ्या या पहिल्याच.

संकुलानं नऊ हजार माणसांची धावण्याची शर्यत ठरवली होती. यंदा कचरा सरसकट उकिरड्यावर न पाठवता जागच्या जागी वेगळा करायचा होता. वहिनींनी त्यासाठी अकरा बायका जमवल्या. करार मीच लिहिला. दुपारी बारापर्यंत मैदान मोकळं झालं पाहिजे आणि वेगळा न झालेला कचरा एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत राहिला पाहिजे. जमलं तर वर्षाचे सहाही कार्यक्रम त्यांचे. नाही जमलं तर अनामत जप्त. ती अनामत भरायला सुनेची मुदतठेव मोडली होती.

"सासूबाईंना कचऱ्यात सोनं दिसतं," सून मला म्हणाली. "मला माझी ठेव दिसते."

"दिसेल, व्याजासकट दिसेल," वहिनी म्हणाल्या.

डबे कुठे ठेवायचे ते ठरवायला वहिनी खडू घेऊन मैदानभर फिरल्या. चहाच्या टेबलापासून वीस पावलं मोजून त्यांनी जमिनीवर फुली मारली. "कप रिकामा व्हायला एवढंच चालावं लागतं. त्याच्या पुढे गेला की माणूस दिसेल तिथे टाकतो." त्या फुल्यांवर डब्यांच्या चाळीस जोड्या लागल्या. मग पाट्या आल्या : ‘ओला’ आणि ‘सुका’. त्या बघून वहिनींनी कपाळाला हात लावला.

"साहेब, हे शब्द आपल्याला ठाऊक. धावून दमलेल्याला काय कळणार? एका डब्यावर केळ्याची साल टांगा, दुसऱ्यावर बाटली."

"साली टांगायला ते काय झाड आहे, वहिनी?" मी म्हणालो. सगळे हसले, त्याही हसल्या. पाट्या ऐंशी होत्या, दर मंजूर होता, बिल पास झालं होतं. ओला म्हणजे काय हे कुणालाही कळतं, असं मी त्यांना सांगितलं.

शर्यतीच्या सकाळी पहिले धावपटू परतेपर्यंत सगळं ठीक होतं. मग एक उंच माणूस डब्यांपुढे थांबला. त्यानं पाट्या नीट वाचल्या, हातातली बाटली हलवून पाहिली. तळाला पाणी होतं. बाटली त्यानं ‘ओला’ लिहिलेल्या डब्यात टाकली आणि समाधानानं निघून गेला. मागच्यांनी त्याचं पाहून तेच केलं. चहाचे ओले कप ओल्यात गेले, पावाचे कोरडे तुकडे सुक्यात. कोणीही खोडसाळपणा करत नव्हतं. प्रत्येक जण वाचून, विचार करून टाकत होता.

वहिनी या डब्याकडून त्या डब्याकडे धावत सुटल्या. "अहो दादा, बाटली इकडे!"

"ओली आहे ना ती!"

"तुम्हीही घामानं ओलेचिंब आहात, तुम्हाला कुठे टाकू?"

माणसं हसायची आणि पुढे जायची. चाळीस जोड्यांपाशी त्या एकट्या किती पुरणार?

साडेदहाला खताच्या गाडीवाल्यानं झाकण उघडलं आणि तसंच बंद केलं. "मावशी, याचं खत व्हायचं नाही. मी नेणार नाही." वहिनींनी त्याला हातापाया पडून थांबवलं. बायकांनी ओल्या कचऱ्याचे डबे ताडपत्रीवर ओतले आणि हातांनी निवडायला बसल्या. सून गुडघ्यांवर बसून बाटल्या काढत होती. हातमोजे फाटले तरी कोणी उठलं नाही.

बाराला वजन झालं. एकूण ११४० किलो, न निवडलेला २३६. म्हणजे वीस टक्क्यांहून जास्त.

वजनाच्या तक्त्यात शेवटी ‘कारण’ असा रकाना असतो. "लिहा की साहेब, पाट्यांमुळे," वहिनी म्हणाल्या. मी लिहिलं. सही घ्यायला संकुलाच्या सचिवांकडे गेलो.

"पाट्या मंजूर कोणी केल्या?" त्यांनी विचारलं.

"मीच."

"निवृत्तीला सात महिने राहिलेत. आता स्वतःच्या फायलीवर शेरा कशाला ओढवून घेता?"

मी तक्ता नव्यानं उतरवून काढला. कारणाच्या रकान्यात रेघ मारली.

तिसऱ्या दिवशी अनामत जप्त झाल्याचं पत्र निघालं. काम दुसऱ्या ठेकेदाराला गेलं. वहिनी पत्र घ्यायला आल्या. सून बाहेर बाकावर बसून राहिली, आत आली नाही. वहिनींनी पत्राबरोबरचा तक्ता शेवटपर्यंत वाचला.

"इथे नुसती रेघ आहे, साहेब."

"हो."

"माझं चुकलं असतं तर तेवढं तरी लिहायचं होतंत."

त्या कागद घेऊन गेल्या. पुढच्या आठवड्यात अकरापैकी नऊ बायका पुन्हा उकिरड्यावर वेचायला जाऊ लागल्या, असं पहारेकऱ्यानं सांगितलं. वहिनी दुकानातच असतात. सून सध्या माहेरी आहे.

शर्यतीच्या दिवशी निवडलेला कचरा खताच्या गाडीवाल्यानं जादा खेप करून नेला. तिचं भाडं वहिनींनी पदरचं दिलं, रुपये २६०. पावती नसल्यामुळे ही रक्कम संकुलाकडून त्यांना अद्याप देणे आहे.