मोरचुदातलं पाणी

सोनगीरच्या शाळेत दहावीपर्यंत गणितात मला कुणी मागे टाकलं नव्हतं, आणि हे मला चांगलं ठाऊक होतं. अकरावीला देवपूरच्या कॉलेजात सायन्स घेतलं तेव्हा भीती वाटली ती फक्त इंग्रजीची. केमिस्ट्रीतली गणितं पहिल्यांदा फळ्यावर आली आणि मला हायसं वाटलं. मोल, अणुभार, रेणुभार ही नावं नवी होती, पण पोटात त्रैराशिकच होतं. इतक्या ग्रॅमला इतकं, तर तितक्या ग्रॅमला किती? वर्ग माना खाली घालून बसे, तेव्हा माझा हात वर असे.

त्या वर्षी आमच्याकडे एक गाईड सगळ्यांच्या हातात होतं. त्यात एक गणित होतं : पाच ग्रॅम मोरचूद पांढरं होईपर्यंत तापवलं, तर किती ग्रॅम उरेल? मोरचुदाच्या निळ्या खड्यात पाणी बांधलेलं असतं. तापवलं की ते उडून जातं आणि पांढरी भुकटी राहते. मी गणित केलं, उत्तर आलं ३.२. मागे छापलं होतं ४.६४.

मी पुन्हा केलं. पुन्हा ३.२.

माझ्या बाकावरची मैत्रीण धुळ्यातल्या एका कापड दुकानदाराची मुलगी. तिने माझी वही स्वतःकडे ओढली. "अगं, माझं बरोबर आलंय. हे बघ, अठरा वजा कर."

"अठरा म्हणजे पाण्याचा एकच रेणू झाला. सूत्रात पाच आहेत. नव्वद वजा करायला हवेत."

"पण मग उत्तर जुळत नाही ना!"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की सगळ्या वर्गाने असंच केलं होतं. आधी मागचं उत्तर पाहायचं, मग तिथवर पोचणारी वाट शोधायची. आमच्या सरांनीही दुसऱ्या दिवशी फळ्यावर घाईघाईने ४.६४ लिहिलं आणि तास संपल्याची घंटा झाली.

घरी नाना, माझे वडील, गोठ्यात बैलांपुढे कडबा टाकत होते. मी तिथेच उभी राहून सगळं सांगितलं. त्यांना रेणू कळत नव्हते आणि कळल्याचा आवही त्यांनी आणला नाही.

"दुसरा पोरे काय म्हनतस?" त्यांनी विचारलं.

"बठ्ठा पोरे म्हनतस, पुस्तक बरोबर शे."

"आन् तुनं?"

"मनं बरोबर शे, नाना."

"मंग सांग ना त्यासले. पन मान ठेईसन सांग."

दुसऱ्या दिवशी तास सुरू व्हायच्या आधी मी सरांच्या टेबलापाशी गेले. सर तापट म्हणून ओळखले जात. नानांनी मान राखून सांग म्हटलं होतं, म्हणून वर्गात सगळ्यांसमोर बोलायचं नाही, एवढं मी ठरवून आले होते. "सर, कालच्या गणितात माझं उत्तर वेगळं येतंय. मला वाटतं, छापलेलं चुकलंय."

त्यांनी वही घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि ओळ न् ओळ वाचली. मला वाटलं, आता ओरडतील. ते म्हणाले, "मी काल गाईडातूनच उतरवलं. तुझी रीत बरोबर दिसते. आज प्रॅक्टिकल आहे ना तुमचं? करूनच बघू."

दुपारी प्रयोगशाळेत सगळी बॅच एका टेबलाभोवती गोळा झाली. चिनी मातीची छोटी मूस सरांनी आधी रिकामीच तोलली. मग मला म्हणाले, "पाच ग्रॅम तू घे." तराजूच्या काचपेटीचं दार वर करून मी चिमट्याने वजनं ठेवली. पाच ग्रॅम निळे खडे मोजून मुशीत घातले. बर्नरवर मूस ठेवली तशी खड्यांच्या कडा आधी फिक्या पडल्या, मग निळा रंग हळूहळू आत आत सरकत गेला आणि शेवटी खडूच्या चुऱ्यासारखं पांढरं उरलं. मूस निवेपर्यंत कुणी जागचं हललं नाही.

वजन सरांनी स्वतः केलं. "तीन पॉइंट तीन," ते म्हणाले. मागून कुणीतरी कुजबुजलं, "हिचंही चुकलं."

"चुकलं नाही," सर वळून म्हणाले. "थोडं पाणी आत राहिलं असेल, किंवा निवताना हवेतलं शोषलं असेल. पण चार पॉइंट सहा चार कुठे राहिलं? खोडा ते सगळ्यांनी. मीही खोडतो." आणि त्यांनी खिशातलं पेन काढून आपल्या प्रतीत खरंच काट मारली. तापट म्हणवणाऱ्या त्या माणसाबद्दल मला त्या क्षणी जो आदर वाटला, तो पुढे कधी कमी झाला नाही.

जाताना ते म्हणाले, "शनिवारी कॉलेज लवकर सुटतं. गणितं अडणारी पोरं-पोरी तुझ्याकडे पाठवतो. शिकवशील?"

"शिकवीन," मी लगेच म्हणाले. विचार करून सांगते असं म्हणायचं मला सुचलंच नाही.

पहिल्या शनिवारी फक्त माझी मैत्रीण आली. पुढच्या वेळी तिने आणखी तिघींना ओढून आणलं, आणि मग मागच्या बाकांवरची मुलंही येऊ लागली. माझा एकच नियम होता. आकडे मांडायच्या आधी काय दिलंय आणि काय विचारलंय ते मराठीत, तोंडाने सांगायचं. कुणी ते धड सांगू शकलं, की पुढचं गणित बहुतेक आपोआप सुटे. समजावता समजावता माझी इंग्रजीची भीतीही कधी गेली ते कळलं नाही.

वार्षिक परीक्षेत चुनखडी तापवण्याचं गणित आलं. पेपर संपल्यावर मैत्रीण व्हरांड्यातून धावत आली, दोन्ही हातांना शाई लागलेली. "जुळवायला मागे उत्तर नव्हतं," ती म्हणाली, "तरी मला माहितीये, माझं बरोबर आहे."